आरोग्य माहितीची देवाणघेवाण: कोकणातल्या रुग्णालयांसाठी आराखडा, क्रमाने

आराखडा काढायला बसलं की पहिल्या पानावर हमखास एक मोठा सर्व्हर येतो. मध्ये सर्व्हर, भोवती दवाखाने आणि लॅब, सगळीकडून आत जाणारे बाण. हे चित्र समजायला सोपं, म्हणून बैठकीत लगेच मंजूर होतं. पुढे वर्षभराने आभा कार्डांचा (आभा म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळखक्रमांक) आकडा फुगलेला असतो आणि एकही नोंद एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेलेली नसते.

राष्ट्रीय चौकट आपल्याला नव्याने शोधायची नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू आहे आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. आपल्याला त्यात आपला भाग नीट बसवायचा आहे. त्यासाठी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी: नोंद जिथे तयार होते तिथेच राहते. मधला गेटवे फक्त कुणाची नोंद कुठे आहे आणि रुग्णाने कुणाला संमती दिली एवढंच इकडून तिकडे पोहोचवतो. प्रत्यक्ष नोंद देणाऱ्या रुग्णालयाकडून मागणाऱ्याकडे कुलूपबंद होऊन थेट जाते. देणाऱ्याला एचआयपी म्हणतात, मागणाऱ्याला एचआययू. बहुतेक रुग्णालयं दोन्ही असतात.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. चौथा आधी आणि दुसरा नंतर केला, तर चौथा पुन्हा करावा लागतो.

पूर्वतयारी: एका रुग्णाचा रस्ता कागदावर काढा

संगणक बंद ठेवा. आपल्या भागातला, खरोखर घडणारा एकच रेफरलचा प्रवास निवडा. मी फुरसं (एक विषारी साप) चावलेला रुग्ण घेतो. सड्यावर (कातळाच्या पठारावर) गवत कापताना पायाला चावलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून ग्रामीण रुग्णालय, मग सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा थेट गोव्यात बांबोळीचं सरकारी रुग्णालय. तीन-चार ठिकाणं, त्यातलं एक दुसऱ्या राज्यात, आणि सगळं काही तासांत.

आता शेवटच्या ठिकाणच्या डॉक्टरला काय लागतं ते लिहा. चावल्याची वेळ. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी किती वाजता केली आणि रक्त गोठलं का. सर्पविषविरोधी लसीच्या किती वायल दिल्या, पहिली कधी सुरू केली, रिअ‍ॅक्शन आली का. लघवीचं प्रमाण आणि रंग. बस्स. ही यादी अर्ध्या पानात मावते आणि तुमच्या आराखड्याची खरी कसोटी हीच आहे.

दुसरा प्रवास जोखमीच्या गरोदर मातेचा घ्या, तिसरा डायलिसिसच्या रुग्णाचा. त्यापुढे सुरुवातीला जाऊ नका. 'सगळ्या विभागांचा सगळा डेटा' असं उद्दिष्ट लिहिलेला आराखडा सहसा टेंडरपर्यंतच पोहोचतो.

*तपासणी:* यादी पाठवणाऱ्या डॉक्टरने केली असेल तर ती घेऊन घेणाऱ्या डॉक्टरकडे जा. तो निम्म्या गोष्टी खोडेल आणि दोन नव्या घालेल.

टप्पा १: रुग्णालय आणि डॉक्टरांची नोंदणी

हे काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. प्रत्येक रुग्णालय, दवाखाना, लॅब यांची नोंद एचएफआरमध्ये (मिशनची आरोग्य संस्थांची नोंदवही), प्रत्येक डॉक्टर आणि नर्सची एचपीआरमध्ये (आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही). सॉफ्टवेअर एकच असेल तरी प्रत्येक ठिकाणाचा ओळखक्रमांक वेगळा. एका सॉफ्टवेअरमागे अनेक दवाखाने चालतात आणि ते चालवावेत, कारण वेंगुर्ल्यातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याने स्वतःचा सर्व्हर सांभाळणं शक्य नाही.

*सावध:* मुख्य रुग्णालयाच्या क्रमांकावर उपकेंद्रांच्या नोंदी ढकलू नका. रुग्ण पुढे आपल्या नोंदी शोधताना 'मी तिथे कधी गेलोच नव्हतो' म्हणून नाकारेल.

*सावध:* आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलीने किंवा कंत्राट संपून जातात. 'मेडिकल ऑफिसर' नावाचं एकच लॉगिन सगळ्यांनी वापरलं, तर नोंदीवर कुणाचीच सही नाही. डॉक्टर गेला त्या दिवशी लॉगिन बंद आणि जुन्या नोंदींवर त्याचं नाव कायम, अशी सोय सुरुवातीलाच करा.

टप्पा २: रुग्णाची ओळख

इथे वेळ घालवा. पुढच्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

आभा क्रमांक १४ अंकी असतो, त्याच्या जोडीला वाचता येईल असा आभा पत्ता असतो. आधारवरून तो काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आता आपल्याकडची स्थिती बघा. घरात आजी-आजोबा, मोबाइल नंबर मुलाचा आणि मुलगा विरारला. मालवणच्या काउंटरवर आजी उभी, ओटीपी लोकलमध्ये उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात. तो फोन उचलेपर्यंत मागे रांग लागते, आणि रांग वाढली की काउंटरवरचा माणूस स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. तिथून पुढे त्या आजीच्या प्रत्येक संमतीचा संदेश त्या कर्मचाऱ्याच्या फोनवर येणार.

म्हणून आराखड्यात हे चार नियम लिहूनच ठेवा:

१. आधी आभा आहे का ते शोधा, मगच नवीन काढा. गणपतीला आलेल्या चाकरमान्याचा आभा मुंबईतल्या रुग्णालयाने आधीच काढलेला असू शकतो.

२. ओटीपी शक्य नसेल तिथे बोटाच्या ठशाची सोय ठेवा. तीही नसेल तर आभाशिवाय केसपेपर काढा आणि नंतर जोडा. आभा नाही म्हणून उपचार थांबता कामा नयेत. आभा काढणं ऐच्छिक आहे.

३. मोबाइल नंबर हा संपर्क आहे, ओळख नाही. एका नंबरवर अख्खं घर असतं. डेटाबेसमध्ये मोबाइलवर 'एकमेव' अशी अट घातलेली दिसली तर ती आजच काढा.

४. रुग्णालयाचा स्वतःचा रुग्णक्रमांक कायम ठेवा आणि आभा त्याला जोडा. आभालाच मुख्य किल्ली केली, तर आभा नसलेला रुग्ण तुमच्या व्यवस्थेत राहूच शकत नाही.

मग येते जुळणी. रुग्ण आपल्या ॲपमधून 'या रुग्णालयात माझ्या नोंदी आहेत का' असं विचारतो, तेव्हा तुमच्याकडे त्याचा पडताळलेला मोबाइल किंवा आभा, नाव, लिंग आणि जन्मवर्ष येतं. त्यावरून तुम्हाला एकच माणूस शोधायचा असतो.

नाव हा सगळ्यात कच्चा दुवा. सावंत हे आडनाव इंग्रजीत कुणी डब्ल्यू घालून लिहितं, कुणी व्ही घालून. बाईचं माहेरचं नाव जुन्या केसपेपरवर, सासरचं आधारवर. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी गाळलेलं. कित्येक वृद्धांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी आणि वर्ष अंदाजाचं. त्यात वाडीच्या वाडी एका आडनावाची. एका वाडीत एकाच नावाच्या, साधारण एकाच वयाच्या दोन बायका असणं आपल्याकडे मुळीच नवलाचं नाही.

यावर उपाय: नाव उच्चारावर जुळवा, स्पेलिंगवर नाही. जन्मवर्षाला एक-दोन वर्षांची सूट द्या. पत्त्यात गावाबरोबर वाडी हा वेगळा रकाना ठेवा. ती गेटवेकडून येणार नाही, पण तुमच्याच दोन जुन्या नोंदी वेगळ्या करायला तिचा मोठा उपयोग होतो. आणि एकापेक्षा जास्त माणसं जुळली तर 'सापडलं नाही' असंच उत्तर द्या. त्यातल्या त्यात जवळची वाटणारी नोंद पाठवणं हा इथला सर्वांत मोठा गुन्हा. न सापडलेल्या नोंदीमुळे गैरसोय होते, दुसऱ्याच्या नोंदीमुळे चुकीचा रक्तगट समोर येतो.

*तपासणी:* तुमच्याच जुन्या रजिस्टरमधली एका गावाची शंभर नावं घ्या, हाताने जोड्या लावा, मग सॉफ्टवेअरला लावू द्या. दोन वेगळ्या माणसांना एकत्र केलेली एकही जोडी निघाली तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: नोंदीचा साचा, कोड आणि एककं

मिशनमध्ये नोंद एफएचआयआर आर४ या साच्यात जाते, म्हणजे आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात. भारतासाठीचे नमुने पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या एनआरसीईएस या आरोग्य-नोंद मानकांच्या केंद्राने दिले आहेत: ओपीडी तपासणी, डिस्चार्ज समरी, तपासणी अहवाल, प्रिस्क्रिप्शन, लसीकरण, आणि स्कॅन केलेल्या जुन्या कागदांसाठी साधा 'आरोग्य दस्तऐवज'. स्वतःचा नमुना तयार करू नका. आजार आणि लक्षणांसाठी स्नोमेड सीटी, लॅबच्या चाचण्यांसाठी लॉइंक, या दोन्ही आंतरराष्ट्रीय कोडयाद्या. भारत स्नोमेडचा सदस्य देश असल्यामुळे इथे ते वापरायला पैसे पडत नाहीत.

सगळं एकदम कोडमध्ये नेण्याचा हट्ट नको. पूर्वतयारीतली अर्ध्या पानाची यादी आधी कोडमध्ये आणा, उरलेलं सुरुवातीला पीडीएफ म्हणून गेलं तरी चालेल. पूर्ण नोंद कोडबद्ध व्हायची वाट बघणारे दोन वर्षांनीही वाटच बघत असतात.

लॅबच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. पावसाळ्यात लेप्टो आणि डेंग्यूचे रुग्ण येतात तेव्हा प्लेटलेटचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. एक लॅब लिहिते १.२, मनात 'लाख'. दुसरी लिहिते १२०, म्हणजे हजारांत. तिसरी सरळ १,२०,००० लिहिते. तिन्ही एकच. माणूस वाचतो तेव्हा त्याला कळतं. पण सॉफ्टवेअरने १.२ हा आकडा उचलून त्यापुढे 'हजार प्रति मायक्रोलिटर' हे एकक लावलं, तर पलीकडच्या डॉक्टरला प्लेटलेट १,२०० दिसतात. रुग्णाला विनाकारण प्लेटलेट चढवायची तयारी सुरू होते. उलट दिशेची चूक याहून वाईट.

म्हणून एकक आकड्याला चिकटलेलं हवं, लेटरहेडवर किंवा रकान्याच्या मथळ्यात नाही. प्रत्येक लॅबच्या प्रत्येक चाचणीचा तक्ता करा: लॅब काय नाव वापरते, कोणत्या एककात देते, लॉइंक कोड कोणता, रूपांतर काय. हा तक्ता पॅथॉलॉजिस्टने सही करून द्यावा, प्रोग्रामरने अंदाजाने भरू नये.

*सावध:* वेळेबरोबर +०५:३० लिहा. सर्व्हर जागतिक वेळेत चालतो आणि पहाटे दोनची नोंद तिथे आदल्या दिवशीची रात्री साडेआठची ठरते. वेळ अर्धीच वाचणाऱ्या स्क्रीनवर तारीख एक दिवसाने मागे जाते. सर्पदंशाच्या रुग्णात त्या एका दिवसाने सगळा हिशोबच बदलतो.

टप्पा ४: नोंद ठेवायची कुठे

'नोंद जिथे तयार होते तिथेच राहते' याचा अर्थ रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहते असा नाही. तिची जबाबदारी त्या रुग्णालयाची, एवढाच अर्थ.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात वीज, फोन सगळं कोसळलं. असल्या दिवशीच रुग्ण बाहेर हलवले जातात आणि तेव्हाच त्यांच्या नोंदी लागतात. शिवाय मिशनच्या रचनेत मागणी आली की देणाऱ्याच्या बाजूने उत्तर यावं लागतं. तुमच्याकडे लाइट गेली असेल तर बांबोळीला काहीच दिसणार नाही.

म्हणून दोन थर ठेवा. रुग्णालयात कामाची प्रत, जी इंटरनेट नसतानाही चालते. आणि डेटा सेंटरमध्ये बाहेर द्यायची प्रत, जी कायम जागी असते. डॉक्टरने नोंद पक्की केली की ती स्थानिक पेटीत जमा होते आणि जोडणी असेल तेव्हा आपोआप वर जाते. गेटवेशी फक्त वरचा थर बोलतो. छोट्या दवाखान्यांनी मिळून असा एक वरचा थर घ्यावा, प्रत्येकाचा कप्पा आणि किल्ली मात्र वेगळी.

*सावध:* दोन्ही प्रतींमध्ये दुरुस्त्या होऊ देऊ नका. दुरुस्ती खाली, वरची फक्त नक्कल. दोन्हीकडे संपादन ठेवलं की कुठली खरी, हा वाद पहिल्याच महिन्यात सुरू होतो.

साथरोगांचा अहवाल हा वेगळा रस्ता आहे. लेप्टोचा रुग्ण आयएचआयपी या सरकारच्या साथरोग पोर्टलवर कळवणं वेगळं आणि त्याची नोंद पुढच्या डॉक्टरला देणं वेगळं. पहिल्याला रुग्णाची संमती लागत नाही, दुसऱ्याला लागते. दोन्ही एकाच नळातून सोडले की संमतीचा सगळा हिशोब बिघडतो.

टप्पा ५: संमती आणि नोंदींची नावं

प्रत्येक भेट किंवा भरतीची एक जोडणी होते, तिला केअर कॉन्टेक्स्ट म्हणतात. तिला दिलेलं नाव रुग्णाच्या फोनवर दिसतं, आणि तो फोन कुणाचा आहे हे आपण वर पाहिलंच. 'ओपीडी, १२ ऑगस्ट' असं लिहा. 'एआरटी केंद्र' (एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र) किंवा 'मानसोपचार विभाग' असं लिहू नका. एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य या दोन्हींवर २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत आणि गोपनीयतेबाबत ते कडक आहेत.

संमतीत कारण, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांमधल्या आणि कधीपर्यंत, हे सगळं ठरलेलं असतं. तुमच्या सॉफ्टवेअरने देताना या चारही गोष्टी तपासायच्या. नुसतं 'संमती आहे' एवढं बघून सगळी फाइल देणारी सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत.

मागणाऱ्याच्या बाजूची नेहमीची चूक अशी: बाहेरून आलेली नोंद आपल्या केसपेपरमध्ये कायमची चिकटवणं आणि पुढे आपली म्हणून वाटणं. आलेली नोंद वेगळी ठेवा, तिच्यावर मूळ रुग्णालयाचं नाव दिसू द्या आणि संमतीत दिलेल्या तारखेला ती पुसा. डॉक्टरने ती वाचून काढलेला निष्कर्ष मात्र त्याची स्वतःची नोंद आहे, ती राहते.

तातडीच्या रुग्णात संमतीची वाट बघत उपचार अडकवू नका आणि कागदी रेफरल चिठ्ठीही बंद करू नका. १०८ मध्ये रुग्णाबरोबर जाणारा छापील कागद घाट उतरताना रेंज गेली तरी वाचता येतो.

टप्पा ६: निरोपांची ये-जा

गेटवेला निरोप पाठवला की लगेच मिळते ती फक्त पोच. खरं उत्तर नंतर, वेगळ्या निरोपाने, तुमच्या पत्त्यावर येतं. मागणीवर मागणी पाठवून स्क्रीन गोल गोल फिरवत ठेवणारा प्रोग्राम हे न समजल्याची खूण आहे. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक, आणि उत्तर कुठल्या निरोपाचं आहे ते लिहून ठेवणारा तक्ता, एवढं हवंच.

तोच निरोप दोनदा आला तर परिणाम एकदाच झाला पाहिजे. जोडणी तुटत-जुळत असते तिथे हे रोज घडतं. रांगेत अडकलेले निरोप किती आहेत आणि सगळ्यात जुना किती तासांचा आहे, हे काउंटरवरच्या माणसाला दिसू द्या. तो आकडा फक्त मुंबई-पुण्यातल्या कंपनीला दिसत असेल, तर इथे कुणी राउटर पुन्हा चालू करणार नाही. सर्व्हरचं घड्याळही आपोआप जुळत राहू द्या, कारण चुकीच्या वेळेचे निरोप नाकारले जातात.

*तपासणी:* भर ओपीडीत केबल काढा. अर्धा तास काम चालू द्या. केबल लावा. सगळ्या नोंदी वर गेल्या का, एकेकदाच गेल्या का, आणि मधल्या काळात आलेल्या मागण्यांना उत्तर मिळालं का ते पाहा.

टप्पा ७: कुलूप

नोंद पाठवताना दोन्ही बाजू त्या व्यवहारापुरत्या नव्या किल्ल्या बनवतात, कर्व्ह२५५१९ या गणिती पद्धतीने दोघांचं सामायिक गुपित ठरतं आणि मजकूर एईएस-जीसीएम या कूटपद्धतीने बंद होतो. तुमच्या लायब्ररीचं कर्व्हचं डीफॉल्ट रूप पलीकडे चालेलच असं धरू नका. नमुना मजकूर दोन्ही दिशांनी उघडून बघा. किल्ल्या पुन्हा वापरू नका.

प्रत्यक्ष चालू करण्याआधी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासनिसाकडून सुरक्षा तपासणी करावी लागते. तिला वेळ लागतो, त्यामुळे तारीख आधी घ्या. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. ती कोण कळवणार त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. 'आयटी विभाग' हे नाव नव्हे.

टप्पा ८: चाचणी आणि सुरुवात

सँडबॉक्समध्ये, म्हणजे मिशनच्या चाचणीच्या जागेत, तीन पायऱ्या आहेत: आभा काढणं-पडताळणं, नोंदी जोडून देणं, नोंदी मागणं. बरेच जण पहिली ओलांडून थांबतात, कारण आभाचा आकडा कळवता येतो. तुमच्या कंत्राटात शेवटचा हप्ता तिसऱ्या पायरीला बांधा. आणि अटीत लिहा की फुरसं चावलेल्या रुग्णाची ती अर्ध्या पानाची यादी दुसऱ्या रुग्णालयाच्या स्क्रीनवर, बरोबर वेळ आणि एककांसह, उघडून दाखवायची.

सुरुवात गणपतीत नको आणि पहिल्या पावसातही नको. नोव्हेंबरमध्ये एक रुग्णालय, एक लॅब आणि दोन आरोग्य केंद्रं घ्या. फेब्रुवारीपर्यंत रोज संध्याकाळी त्या दिवशीची कोणतीही पाच रेफरल काढून पलीकडे काय दिसलं ते फोनवर विचारा. उत्तरं एका साध्या वहीत लिहा: तारीख, कुठून कुठे, काय दिसलं नाही. मार्चमध्ये त्या वहीतून निघालेल्या दुरुस्त्या, एप्रिल-मेमध्ये बाकीची केंद्रं. जूनमध्ये लेप्टोचे रुग्ण यायला लागतात, त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये नवीन काहीही घालायचं नाही.